मागं चार पत्रं मारून द्या

३ फेब्रुवारी
फौजेत एकतीस वर्षं रोज डायरी लिहिली. पेन्शन आली आणि सवय सुटली. आजपासून परत धरतो, कारण नर्सरीचं दुसरं वर्ष लागलं आणि कामाचा पसारा वाढलाय.

वडूजकडचं माझ्या वाटणीचं कोरडवाहू रान भावाला देऊन इथं आष्ट्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून चार एकर घेतलं. दोन एकरांत ऊस, दोन एकरांत उसाच्या रोपांची नर्सरी. उसाचा एकेक डोळा काढायचा, औषधाच्या पाण्यात बुडवायचा, ट्रेमध्ये काथ्याच्या भुशात लावायचा. मग ट्रे एकावर एक रचून थप्पी करायची आणि प्लास्टिकनं गच्च झाकायची. आतल्या उबेनं कोंब फुटतात. महिन्याभरात रोप शेतकऱ्याच्या हातात.

हे सगळं मला शालूबाईनं शिकवलं. जतकडची बाई, पंचेचाळीसच्या पुढची. नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतो. ती आधी दुसऱ्या एका नर्सरीत सहा वर्षं होती. माझ्याकडच्या वीस बायकांत तिच्याइतका कामाचा हात कुणाचा नाही.

यंदा मॅनेजर नेमला. बहिणीचा मुलगा ऋषिराज. पुण्यात कंपनीत होता, ती बंद पडली. बहीण म्हणाली, घरचा माणूस असलेला बरा. सकाळी फॉल-इन घेऊन, सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, आजपासून ऋषिराजसाहेबांचं ऐकायचं. शालूबाई "बरं" म्हणाली. तिला काही वाटलं असेल असं दिसलं नाही.

बायकांसाठी थंड पाण्याचे चार जार लावले. आमच्या खटाव तालुक्यात लहानपणी दोन मैलांवरून घागर आणली आहे मी. माझ्याकडं कामाला आलेला माणूस तहानलेला राहणार नाही, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

१२ फेब्रुवारी
थप्पी कधी उघडायची यावरून थोडं झालं. ऋषिराजनं मोबाइलवर पाहिलंय, पाच दिवस. शालूबाईनं प्लास्टिकखाली कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून हुंगला आणि म्हणाली, "अजून एक दिस. थंडी हाय." एक दिवस थांबलो. कोंब एकसारखे आले. ऋषिराज म्हणाला, "मामा, हे काय शास्त्र न्हाई. थर्मामीटर आणू." आणायला सांगितला.

बायका अधूनमधून दोघी-तिघी मिळून मागच्या उसात जातात. विचारलं की हसतात. गप्पा मारायला सोकावल्यात. लक्ष ठेवलं पाहिजे.

६ मार्च
मागच्या उसाला तोड आली. चार दिवसांत दोन एकर रिकामं. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला नर्सरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. हिरव्या शेडनेटखाली ओळीनं ट्रे. परेड ग्राउंडसारखं वाटलं. दोन शेतकरी नुसतं बघून थांबले आणि रोपं सांगून गेले.

बायकांचं उसात जाणंही आपोआप बंद झालं. न बोलता शिस्त लागली.

११ मार्च
दुपारी शालूबाई खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. पदर सारखा करत म्हणाली, "सायब, मागल्या अंगाला चार पत्रं मारून द्या की."

"कशाला?"

"बायकांस्नी बरं पडंल."

"वर शेडनेट आहे. अजून किती सावली पाहिजे?"

"सावलीसाठी न्हवं."

"मग कशासाठी?"

ती खाली बघत राहिली. ऋषिराज शेजारीच होता. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि गेली.

मागायचं आणि कारण विचारलं की गप्प व्हायचं, ही रीत मला आवडत नाही. पलटणीत जवान असं करायचा तेव्हा अर्ज जागेवर फेटाळायचो.

२० मार्च
ऊन चढलंय. चारपैकी तीन जार संध्याकाळी जसेच्या तसे परत गेले. पाणी देणारा म्हणाला, "साहेब, एकच टाकू का उद्यापासून?" मी म्हटलं चारच टाक. इतकं थंड पाणी समोर असून या बायका पीत नाहीत. जतच्या बाईला पाण्याचं मोल माहीत असेल असं वाटलं होतं, तर तीच सगळ्यांत कमी पिते. सकाळी एक घोट, जेवताना एक घोट.

सोनिया नावाची गावातली एक नवी सून कामाला यायची. आठवड्यातून एकदा पोटात दुखतं म्हणून घरी. आज निरोप आला, येणार नाही. आजकालच्या पोरींत दम नाही.

पलीकडं दोन किलोमीटरवर महावीर पाटलांच्या सौ. चंदनाबाईंनीही नर्सरी काढली म्हणे. पाच-सहा बायका आहेत. जैन मंडळी, व्यापाराचं अंग आहे, पण या धंद्याला अनुभव लागतो.

४ एप्रिल
सौ. तीन दिवस मदतीला येतेय. उत्साहानं ट्रे भरते, पण दुपारी बारा वाजले की एक किलोमीटर चालत घरी जाते आणि तासाभरानं परत येते. आज मी सगळ्यांदेखत बोललो. मालकिणीनंच वेळ मोडली तर बाकीच्यांनी काय शिकायचं? ती उद्यापासून येणार नाही म्हणाली.

सहा दिवस सरळ काम, सुट्टी रविवारी सकाळी पाणी मारून झाल्यावर. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत. ऋषिराजनं हे नियम बोर्डावर लिहिले. अक्षर चांगलं आहे त्याचं.

शालूबाई परत पत्र्यांचं बोलली. या वेळी ऋषिराजनंच उत्तर दिलं, "मावशी, तुमी कामाचं बघा." मला त्याचा सूर जरा लागला, पण मॅनेजरला सगळ्यांपुढं टोकणं बरोबर नाही.

१६ एप्रिल
कॅमेरे बसवले. एक गेटवर, एक ट्रेवर, एक मागच्या मोकळ्या रानावर. तिकडं ओढ्याच्या बाजूला एक बाभळ आणि थोडं झुडूप आहे, बायका तिथं जाऊन बसतात असं ऋषिराजचं म्हणणं. घरी बसून मोबाइलवर सगळं दिसतं. पाहिलं. खरोखर एक बाई झुडपाकडं गेली, वर खांबाकडं बघितलं आणि तशीच मागं फिरली. कॅमेऱ्याचा उपयोग आहे.

आज चार जणी आल्या नाहीत.

२९ एप्रिल
शालूबाई पडली.

सकाळपासून तोंड उतरलेलं होतं. अंगात कणकण आहे का विचारलं तर म्हणाली, "न्हाई, पाठ धरलीया." दुपारी दोनच्या सुमारास ट्रे उचलायला वाकली आणि तशीच कलली. अंग तव्यासारखं तापलेलं. बायकांनी उचलून टेम्पोत घातली. मी पुढं बसलो. आष्ट्यात दवाखान्यात नेईपर्यंत बरळत होती, मधेच कानडीत काहीतरी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासून झाल्यावर मला आत बोलावलं.

"या दिवसभरात किती पाणी पितात?"

मी म्हटलं, "पाण्याची कमी नाही मॅडम. थंड पाण्याचे चार जार ठेवतो."

"किती ठेवता नाही विचारलं. किती पितात?"

मी सांगितलं, फार पीत नाहीत, मीच रोज सांगतो प्या म्हणून.

"आणि जायची सोय काय आहे?"

"गावातून टेम्पो आहे आपला. सकाळी आणतो, संध्याकाळी सोडतो."

त्यांनी मान हलवली. "त्या जाण्याचं विचारत नाहीये मी."

बाईमाणसानं परक्या पुरुषाला असं तोंडावर विचारावं हे मला बरं वाटलं नाही. शेत आहे सगळं, एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, लघवीचा संसर्ग वर चढलाय, बहुतेक बरेच दिवस अंगावर काढलेत, मिरजेला हलवा.

१ मे
मिरजेत शालूबाई अतिदक्षता विभागात. बिराप्पा मेंढरं फलटणकडं सोडून आला. उंच, काळा, डोक्याला पटका. मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, खर्चाचं बघू नका, मी भरतो. त्यानं हात जोडले. मग विचारलं, "सायब, काय झालं वतं तिला?"

"ऊन लागलं," मी म्हणालो.

गावातही हेच सांगितलंय. ऊन तर आहेच की. बेचाळीसच्या वर गेलं होतं त्या दिवशी.

३ मे
डॉक्टरीणबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. आमच्या आईनं जन्मभर रानात कामं केली, तिला कुठली सोय होती? पहाटे उठून जाऊन यायची. बायकांना सवय असते. आपल्याकडं रोजगार गावातल्या दरापेक्षा जास्त आहे, टेम्पो आहे, पाणी आहे. एवढं कोण करतं?

आज नऊ बायका आल्या.

९ मे
आज चार. ऋषिराज गावात फिरून आला. म्हणाला, "त्या चंदनाबाईनं फोडल्या सगळ्या. पैसं वाढवून दिलं असणार." माझ्या मनातही तेच होतं. आम्ही शिकवायचं आणि तयार माणसं दुसऱ्यानं न्यायची.

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक लालासाहेब, त्यांची ऑर्डर जूनच्या दहा तारखेची आहे. पाच एकरांची, तीस हजार रोपं. गेल्या वर्षी त्यांच्या शब्दावर मला दहा गिऱ्हाइकं मिळाली. ऋषिराज चार बायका आणि बाहेरून आणलेले तीन गडी घेऊन डोळे लावतोय. गडी दोन बोटांनी डोळा उलटा खोचतात. सांगितलं तर म्हणतात, माती तर आहे ना सगळीकडनं.

१८ मे
थप्पी आज उघडली. सातशे ट्रे.

प्लास्टिक उचललं आणि आंबूस वास आला. दारूच्या भट्टीसारखा. सगळ्यांनी नाकाला पदर लावला. वरचा ट्रे उचलला, डोळे काळे, बोटानं दाबले की लिबलिबीत. खालचे बघितले, तेच. मधल्या थप्पीत हात घातला तर चटका बसला.

पाच दिवस ठेवली होती. थर्मामीटर एका कोपऱ्यात लावला होता, त्यात आकडा बरोबर दिसत होता. ऋषिराज मोबाइल दाखवत राहिला, "मामा, हितं पाचच लिवलंय." राहिलेल्या चौघींतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "शालूनं उन्हाळ्यात तिसऱ्या दिशीच उघडली असती. आमी बोललो वतो धाकल्या सायबांस्नी." ऋषिराज तिच्या अंगावर खेकसला.

मी त्याला काही बोललो नाही. तिलाही नाही. खुर्चीत बसून राहिलो. ट्रे कुणी रिकामे करायचे हेही सांगायचं सुचलं नाही.

१९ मे
लालासाहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सुभेदारसाहेब, माझं रान नांगरून तयार हाय. मी काय थांबू शकत न्हाई. बघतो दुसरीकडं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ मे
चंदनाबाईंच्या नर्सरीवर गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू?

पत्र्याची लहान शेड, पुढं अर्धा एकर शेडनेट. आपल्या निम्म्यानंही नाही. माझ्याकडच्या अकरा जणी तिथं बसून ट्रे भरत होत्या. मला बघून माना खाली घातल्या. सोनियाही होती. पोट दुखण्याचं काही दिसलं नाही.

चंदनाबाई चाळिशीच्या असतील. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी बाजूला ठेवलं आणि सरळ बोललो, "तुम्ही माझी माणसं फोडली."

"मी एकीच्याही दारात गेले न्हाई साहेब. आपल्या पायांनी आल्यात."

"किती जास्त देता?"

"तुमच्यापेक्षा वीस रुपये कमी. मला परवडत न्हाई अजून."

मला खोटं वाटलं. मी वळून बायकांना विचारलं, "खरं का?" मग सोनिया म्हणाली, "खरं हाय." माझ्याकडं असताना या पोरीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मग इथं का?"

चंदनाबाईंनी शेडच्या मागं बोट दाखवलं. तिथं विटांच्या दोन खोल्या, निळी दारं, वर पाण्याची टाकी. "ते पहिलं बांधलं," त्या म्हणाल्या. "आमचे महावीर म्हणत होते, आधी रोपं विकू, मग बांधू. मी म्हटलं, मी स्वतः दिवसभर हितं बसणार हाय, मला तर लागंलच की." मग त्यांनी हजेरीचं कार्ड दाखवलं. प्रत्येकीचं वेगळं, तिच्याच हातात. आजारी पडली तर महिन्याला एक दिवस भरपगारी. "त्यामुळं खरं सांगून रजा घेत्यात. आदल्या दिवशी कळतं, तर मी कामाची जोडणी करू शकते. अचानक बायका आल्या न्हाईत असं हितं अजून झालं न्हाई."

हे त्या मला शिकवत नव्हत्या. विचारलं म्हणून सांगत होत्या. तेच जास्त लागलं.

निघताना बघितलं, त्यांच्याकडं पाण्याचे दोनच जार होते आणि दोन्ही रिकामे.

२७ मे
घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी दुपारी घरी का यायचे, तुमाला काय वाटलं?"

"जेवायला."

"डबा तर सकाळीच संगं न्यायचे मी."

थोड्या वेळानं म्हणाली, "मला घर जवळ वतं. शालूला न्हवतं. उसाला तोड आल्यापास्नं ती सकाळी सातला पाणी प्यायचं सोडायची ते सांजच्याला घरी जाऊनच पोटभर प्यायची. सगळ्याच तशा. तुमी कॅमेरा लावला त्या दिशी तर दोघी रडत घरी गेल्या."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "सगळ्यांदेखत बोललात मला. मग काय सांगायचं?"

मी बाहेर जाऊन बसलो. एकतीस वर्षं जिथं जिथं तळ पडला, तिथं तंबू ठोकायच्या आधी काय खणायचं हे मी रिक्रूटांना शिकवलंय. पाण्याच्या वरच्या अंगाला नको, वाऱ्याच्या तोंडाला नको, तळापासून इतकी पावलं. ती पावलं मी स्वतः चालून मोजायचो. त्यात हयगय झाली तर हवालदाराला झापायचो, कारण आठ दिवसांत अर्धी तुकडी आजारी पडते. या चार एकरांत मी मोटरची जागा मोजली, ट्रेची मोजली, जारच्या स्टँडची मोजली. मला स्वतःला लागलं की मी मोटरमागं जाऊन येतो. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

चार पत्रं. दोनदा सांगितलं तिनं.

५ जून
मागचा कॅमेरा काढला. ऋषिराज म्हणाला, "मामा, बायकांच्या नादानं धंदा चालत न्हाई." मी म्हटलं, धंदा तसाही चालत नाही. मग सातशे ट्रेचं निघालं, म्हातारीवर खेकसल्याचं निघालं. मी आवाज चढवला. चूक त्याची एकट्याची नव्हती. त्याला खुर्चीवर मीच बसवला होता आणि त्याच्याहून शहाण्या बाईला त्याच्या हाताखाली दिलं होतं. पण हे त्याला सांगितलं नाही. बॅग भरून वडूजला गेला. बहिणीचा फोन आला, "भाच्यापेक्षा रोजगारी बाया जवळच्या झाल्या व्हय?" आणि ठेवून दिला. परत केला तर उचलत नाही.

१९ जून
बांधकाम झालं. दोन संडास, हात धुवायला जागा, वर टाकी. गवंडी म्हणाला, "साहेब, नर्सरीत माणूस न्हाई आन् संडास दोन?"

बोर्डावरचे नियम पुसले. गावात सांगून आलो, दुधाच्या डेअरीवर, पिठाच्या गिरणीत. रविवारची पूर्ण सुट्टी, हजेरीचं कार्ड, आजारपणाची रजा. लोक ऐकून घेतात. "बघू की," म्हणतात.

२३ जून
कुणी नाही. राहिलेल्या चौघींतल्या तिघी गेल्या आठवड्यात गेल्या. म्हातारीचे गुडघे धरलेत. सौ. आणि मी दोघं मिळून पाणी मारतो. दोन एकर शेडनेट, त्यात एका कोपऱ्यात रोपं. लालासाहेबांनी चंदनाबाईंकडून रोपं नेली. रस्त्यानं त्यांचा ट्रॅक्टर जाताना बघितला. चांगली रोपं होती.

२ जुलै
शालूबाई चंदनाबाईंकडं कामाला यायला लागली असं कळलं म्हणून गेलो.

शेडमध्ये खुर्चीवर बसली होती. निम्मी झालीये. चेहरा सुजल्यासारखा. चार तास येते, ओझं उचलायचं नाही, नुसतं बघायचं आणि सांगायचं. मी गेलो तेव्हा थप्पीत हात घालून एका मुलीला सांगत होती, "ह्ये बघ, हितं लागतंय का तुला? ऊब न्हवं, दमट. आता थांबायचं न्हाई." त्या मुलीनंही हात घातला. माझ्याकडं असताना मी शालूबाईला कधी कुणाला शिकवायला सांगितलं नव्हतं. तिच्याबरोबरच सगळं निघून गेलं त्याचं नवल नको.

मला बघून उठायला लागली. बसा म्हटलं.

"तब्येत कशी आहे?"

"एक किडनी गेली म्हनत्यात. दुसरी हाय." तिनं असं सांगितलं की जणू चप्पल हरवली आहे.

मी म्हटलं, "शालूबाई, परत या. मॅनेजर म्हणून. बाथरूम बांधलंय मी."

"कळलं मला. मालकीणबाई आल्या वत्या घरी." सौ. तिच्याकडं जाते हे मला माहीत नव्हतं.

"मग?"

"आता न्हाई सायब. हितं बरं हाय."

"दवाखान्याचं पुढचं जे काही लागेल ते…"

"तुमी लय केलंसा त्ये. न्हाई म्हनत न्हाई मी." मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "दुसरं काय बोलायचं हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

होतं. मोटारसायकलपर्यंत गेलो आणि तिथं थोडा वेळ उभा राहिलो. परत आत जायला जमलं नाही. बॉम्बगोळ्यांत उभा राहिलेला माणूस मी.

१४ जुलै
दुपारी एक तरुण बाई आली. पूजा. नवरा फौजेत, सध्या राजस्थानात पोस्टिंग. दोन मुली शाळेत जातात. फौजी घरची म्हणून मला बरं वाटलं. ती मात्र "जय हिंद" वगैरे काही न म्हणता थेट कामाचंच बोलली. कामाची वेळ काय, मुलगी आजारी पडली तर काय, पगार कुणाच्या हातात देता. मी एकेकाचं उत्तर दिलं. मी आयुष्यभर मुलाखती घेतल्या, दिली ही पहिलीच.

शेवटी म्हणाली, "शालूमावशीस्नी काय झालं वतं?"

तोंडात आलंच होतं. अडीच महिने तेच सांगतोय, जीभ आपोआप तिकडं जाते. सौ. पलीकडं ट्रे धूत होती, तिचा हात थांबलेला दिसला.

मी म्हणालो, "इथं बायकांना जायला जागा नव्हती. उसाचा आडोसा होता, तो तोडला. मग मी कॅमेरा लावला. तिनं मला दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. ती पाणी न पिता काम करत राहिली. त्यात तिची किडनी गेली. माझ्यामुळं."

पूजानं पिशवी खांद्याला लावली. "मी एकटी येनार न्हाई. बायकांस्नी विचारते."

"काय सांगणार त्यांना?"

"तुमी सांगितलं त्येच."

१५ जुलै
कुणी आलं नाही. अपेक्षा नव्हती. सौ. दुपारी डबा घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत थांबली.

१७ जुलै
साडेआठला गेटवर तिघी उभ्या. पूजा, तिची जाऊ आणि अजून एक, वयानं मोठी. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण ट्रेकडं वळल्या नाहीत. सरळ मागं गेल्या. पहिली आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, कडी लावून परत काढल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी. दाराच्या फटी बघितल्या, खांबांवर वर कुठं काही लावलंय का ते बघितलं. मी शेडनेटखाली उभा होतो. कुणी माझ्या मालाची अशी तपासणी केलेली मला आठवत नाही. मी हललो नाही.

परत आल्यावर पूजा म्हणाली, "सायब, आतली कडी लय वर बसवलीया. बारक्या बाईचा हात पोचत न्हाई."

पेचकस घेऊन गेलो. जुनी भोकं लांबी भरून बुजवली, कडी वीतभर खाली घेतली. तोवर त्या बसल्या होत्या. सौ. त्यांना डोळा कसा लावायचा ते दाखवत होती, शालूबाई दाखवायची तसं, कोंब वर करून.

दिवसभरात नव्वद ट्रे झाले. फेब्रुवारीत एका दिवसात आठशे व्हायचे. संध्याकाळी तिघी गेल्या. एक जार संपला.